ट्रेलर शेपूट का हलवतो?

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं...' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमुळे सुचला. सात मिनिटांचा मेसेज होता, मी दोनदा ऐकला. नाव घेऊ नका म्हणालेत, म्हणून घेत नाही. गाव सांगली जिल्ह्यातलं, सध्या मुक्काम अमेरिकेत, टेक्सासला. त्यांना घर बदलायचं होतं, चार तासांच्या अंतरावर. तिकडे सामान हलवणाऱ्यांचे दर ऐकूनच माणूस खाली बसतो. त्यामुळे बरेच लोक भाड्याने ट्रेलर घेतात, आपल्याच गाडीच्या मागे जोडतात आणि निघतात. यांनीही तेच केलं. शेजारी बायको, मागच्या सीटवर पाच वर्षांची मुलगी.

सामान भरताना त्यांनी डोकं लावलं. पोचल्यावर दमलेलो असणार, तेव्हा जड वस्तू आधी उतरवून टाकू. म्हणून गाद्या, उशा, कपड्यांच्या पिशव्या आत, पुढच्या बाजूला. वॉशिंग मशीन आणि पुस्तकांची खोकी दाराशी, म्हणजे ट्रेलरच्या शेवटाला. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही?

पहिला तासभर काहीच झालं नाही. मग हायवेला लांब उतार लागला. वेग ताशी ६५ मैलांवर गेला, म्हणजे आपले साधारण १०५ किलोमीटर. शेजारून एक मोठा ट्रक सूं करून गेला आणि आरशात ट्रेलर हलला. डावीकडे. मग उजवीकडे. परत डावीकडे, आता जरा जास्त. त्यांनी स्टिअरिंग उलट दिशेला फिरवलं. ट्रेलर आणखी जोरात आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. चौथ्या हेलकाव्याला गाडीचं मागचं अंगच ट्रेलरबरोबर फरफटायला लागलं. मुलगी रडत होती, बायकोने डॅशबोर्ड धरला होता.

आणि मग, त्यांच्याच शब्दांत, "माझे हातपाय गारठले." स्टिअरिंग धरलेलं तसंच राहिलं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप निघाला. पाच-सहा सेकंदांत ट्रेलर शांत होत गेला. गाडी कडेला लागली. कुणाला काही झालं नाही.

त्यांचा प्रश्न साधा होता. मी सांभाळायला गेलो तेव्हा बिघडत गेलं आणि मी काहीच केलं नाही तेव्हा सुटलो. असं कसं?

मला सगळ्यात आवडला तो मेसेजचा शेवट. रात्री त्यांनी गावाकडे वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. वडिलांनी आयुष्यभर बैलगाडी हाकलेली, ट्रेलर कधी बघितलेला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "जड कुठं भरलंतंस? मागं? आरं, मग गाडी उलाळ झालीती की तुझी!"

आजच्या भागाचं अर्धं उत्तर या एका शब्दात आहे. म्हणून आधी तो समजून घेऊ.

उलाळ गाडी

दोन चाकांची बैलगाडी म्हणजे एक तराजूच. मधे आस, पुढे धुरा आणि जू, मागे साठा. ओझं मागे जास्त झालं की गाडी मागच्या बाजूला कलते, धुरा वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून उठायला बघतं. ही उलाळ गाडी. ओझं पुढे फार झालं तर उलटा त्रास, सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून जाणता गाडीवान माल असा लावतो की जुवावर थोडा, पण नक्की दाब राहील. हाताने धुरा उचलून अंदाज घेतो, मग एखादं पोतं पुढे सरकवतो.

गाडीच्या मागे जोडलेला एक आसाचा ट्रेलर हे याच तराजूचं लोखंडी रूप. बैलांच्या मानेच्या जागी इथे गाडीच्या मागचा हुक असतो, किंवा त्यावरचा तो लोखंडी गोळा. त्या गोळ्यावर ट्रेलरच्या नाकाचा जो दाब पडतो, त्याच्यावर सगळा खेळ आहे. अमेरिकेत सर्वसाधारण सल्ला असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के दाब नाकावर असावा. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनवाले ५ ते ७ टक्के म्हणतात, कारण तिकडच्या गाड्यांचे हुक तेवढा भार घेण्यासाठी बनवलेले नसतात आणि ओढण्याचा वेगही कमी असतो.

आता आपल्या श्रोत्याचा हिशेब करू. आकडे मी सोपे करून घेतलेत, पण गणित खरं आहे. समजा ट्रेलर सामानासकट १००० किलोचा. हुकापासून आस ३ मीटर मागे. सामान नीट भरलं असतं तर नाकावर १२० किलोचा दाब आला असता, म्हणजे १२ टक्के. छान. आता ६० किलोचं वॉशिंग मशीन आसाच्या १ मीटर पुढे होतं ते उचलून आसाच्या दीड मीटर मागे ठेवा. ते अडीच मीटर सरकलं. ६० गुणिले अडीच भागिले ३, म्हणजे नाकावरचा दाब ५० किलोंनी कमी. राहिले ७०. आता १०० किलो पुस्तकं आसाच्या १ मीटर पुढून १ मीटर मागे न्या. १०० गुणिले २ भागिले ३, म्हणजे आणखी ६७ किलो गेले. राहिले ३.

तीन किलो! हजार किलोंपैकी फक्त १६० किलो सामान चुकीच्या जागी गेलं आणि नाकावरचा दाब जवळजवळ संपला. बाहेरून बघितलं तर ट्रेलर अगदी सरळ उभा दिसतो. वजन तेच, टायर तेच, गाडी तीच. म्हणून तर लोक फसतात.

(जाता जाता: भाड्याच्या ट्रेलरवर बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की ६० टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवा. आपल्या मित्राला ही सूचना दिसली ट्रेलर परत करताना.)

पण मग तो डोलतो का?

उलाळ झाल्यावर बैलगाडी डोलत नाही, मागे कलते. कारण ती ताशी ४ किलोमीटरने चाललेली असते. ट्रेलर १०० ने चाललेला असतो. तिथे दुसरी गंमत सुरू होते.

बाण डोळ्यांसमोर आणा. टोक जड, पिसं मागे. बाण हवेत जरा तिरका झाला की वारा पिसांवर आदळतो, मागचं अंग परत रांगेत ढकलतो, बाण सरळ होतो. आता तोच बाण उलटा धरून मारा, पिसं पुढे आणि वजन मागे. जरा तिरका झाला की वारा त्याला आणखी तिरका करणार आणि बाण गर्रकन फिरणार.

ट्रेलरची पिसं म्हणजे त्याचे टायर. ट्रेलर तिरका झाला की टायर रस्त्यावर तिरके घासत चालतात आणि रस्ता त्यांना बाजूने ढकलतो. वजनाचा मध्य टायरच्या पुढे असेल तर हे ढकलणं ट्रेलरला सरळ करतं. मध्य टायरच्या मागे गेला तर तेच ढकलणं ट्रेलरला त्याच्या वजनाभोवती उलट फिरवायला बघतं. मग त्याला आवरायचं काम येतं हुकावर, म्हणजे पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांवर. आणि उलाळ ट्रेलरने नेमकी तीच चाकं किंचित उचलून हलकी केलेली असतात. ज्याने धरायचं त्याचीच पकड ढिली.

आता यात वेग कुठून आला? हा भाग मला स्वतःला समजायला वेळ लागला, तेव्हा सावकाश वाचा.

कुठलीही डोलणारी वस्तू शांत व्हायला तिला काहीतरी अडवणारं लागतं. झोपाळ्याला हवा आणि कड्यांचं घर्षण अडवतं. ट्रेलरला कोण अडवतं? पुन्हा टायरच. ट्रेलर बाजूला सरकत असताना टायरची दिशा आणि प्रत्यक्ष चाल यांत एक कोन पडतो, आणि त्या कोनाच्या प्रमाणात रस्ता विरोध करतो. समजा ट्रेलरचं मागचं अंग सेकंदाला १ मीटर वेगाने बाजूला सरकतंय. गाडी ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने चालली असेल तर हा कोन जवळजवळ ४ अंशांचा होतो. गाडी ताशी १०८ ने, म्हणजे सेकंदाला ३० मीटरने चालली असेल तर तेवढ्याच सरकण्याला कोन फक्त २ अंशांच्या आसपास. वेग दुप्पट, विरोध निम्मा. डोलणं तेवढंच, पण त्याला शांत करणारा हात निम्म्या जोराचा.

वेग वाढवत नेला की एक क्षण असा येतो की शांत करणारं बळ शून्य होतं. हेलकावा एकदा सुरू झाला की मोठाही होत नाही, लहानही होत नाही, नुसता चालू राहतो. या वेगाला त्या जोडीचा निर्णायक वेग म्हणतात. कार-ट्रेलरची स्थिरता तपासण्यासाठी आयएसओ ९८१५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते याच धर्तीवर काम करतं: चालत्या गाडीच्या स्टिअरिंगला एक झटका द्यायचा आणि हेलकावे किती लवकर विरतात ते वेगवेगळ्या वेगांना मोजायचं. निर्णायक वेगाच्या वर गेलात की प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा.

इथे एखादा हुशार श्रोता विचारेल, हेलकावा वाढतोय तर ऊर्जा येते कुठून? फुकट तर काही नसतं. बरोबर. ती तुमच्या पुढे जाण्यातूनच येते. ट्रेलर हुकामार्फत गाडीचं मागचं अंग बाजूला ओढतो, गाडी तिरकी होते, तिरक्या गाडीमागे ट्रेलर आणखी तिरका ओढला जातो. पुढे धावण्याची थोडी थोडी ऊर्जा आडव्या डोलण्यात जमा होत राहते. १०० च्या वेगाला पुढे धावण्यात एवढी ऊर्जा असते की त्यातला छोटासा हिस्साही ट्रेलर उलटवायला पुरतो.

इंटरनेटवर एक व्हिडिओ खूप फिरतो, तुम्हीही पाहिला असेल. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी, मागे छोटा ट्रेलर, त्यावर इकडे-तिकडे सरकवता येणारी वजनं. वजनं पुढे असताना ट्रेलरला बोटाने टिचकी मारली तर एक-दोन हेलकाव्यांत शांत होतो. तीच वजनं मागे सरकवून टिचकी मारली की काही क्षणांत सगळा संसार पट्ट्यावर आडवा. या भागातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, तेवढा व्हिडिओ बघा.

कावड आणि घागर

नाकावरचा दाब बरोबर ठेवूनही एक चूक करता येते. ५०० किलो अगदी पुढे, ५०० किलो अगदी मागे, मधे रिकामं. काट्यावर सगळं बरोबर दिसेल. पण खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला आठवा. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी. त्याला वळायला सांगितलं तर वळणं जड जातं आणि एकदा वळायला लागला की थांबणंही जड जातं. तेच पाणी पोटाशी धरलेल्या एका घागरीत असतं तर तो चटकन वळून चटकन थांबला असता. फिरण्याला होणारा हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो: मध्यापासून १ मीटरवरची वस्तू २ मीटरवर नेली तर चौपट. म्हणून जड सामान आसाच्या आसपास, जरासं पुढे आणि खाली. टोकांना उशा आणि गाद्या.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. वजन, आस आणि लांबी बदलता येईल असा ट्रेलर बनवून त्यांनी चाचण्या घेतल्या. त्यातही याच गोष्टी वर आल्या: नाकावरचा दाब, आसाची जागा आणि ही कावडीसारखी वजनाची वाटणी. नुसत्या एकूण वजनाकडे बघून उपयोग नाही.

टायरमधली हवा कमी असली तरी बाजूचा विरोध ढिला पडतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि ट्रक शेजारून गेला की हेलकावा का सुरू होतो? मोठी गाडी आपल्या नाकाने हवा बाजूला ढकलते आणि ती पुढे सरकली की बाजूची हवा आत ओढली जाते. आधी ढकल, मग खेच. ट्रेलरच्या सपाट भिंतीला एवढी टिचकी पुरते.

तुमचे हात तुमचे वैरी

आता मूळ प्रश्नाकडे. सांभाळायला गेल्यावर बिघडलं का?

ट्रेलरचा एक पूर्ण हेलकावा साधारण एक ते दोन सेकंदांत होतो. माणसाला हलणं दिसायला, कळायला आणि हात हलायला मिळून अर्धा-पाऊण सेकंद सहज जातो. त्यानंतर स्टिअरिंगचा परिणाम चाकांतून मागे पोचायला आणखी थोडा वेळ. म्हणजे तुम्ही डावीकडच्या हेलकाव्याला उत्तर देता तेव्हा तो उजवीकडे निघालेला असतो. तुम्ही त्याला अडवत नाही, झोका देता. तोही अगदी वेळेवर! झोपाळा उंच न्यायचा तर परत निघतानाच ढकलावं लागतं ना, तसंच.

ब्रेकचं काय? दोरी ओढली तर सरळ राहते, ढकलली तर वाकते. पुढच्या गाडीने करकचून ब्रेक मारला की मागचा ट्रेलर तिला ढकलायला लागतो आणि जोड मधेच दुमडते. चाकूचं पातं मुठीत मिटावं तशी गाडी आणि ट्रेलर मिटतात.

वेग वाढवला तर? 'गॅस दे, ओढला की सरळ होईल' हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आलाय. त्यात कणभर तथ्य आहे, ओढल्याने क्षणभर जोड ताणली जाते. पण तो क्षण संपल्यावर तुम्ही जास्त वेगात असता, आणि वर बघितलंच की जास्त वेग म्हणजे कमी विरोध. उतारावर तर हा सल्ला जीव घेईल.

म्हणून काय करायचं ते आपल्या मित्राच्या गारठलेल्या हातापायांनी बरोबर केलं. स्टिअरिंग सरळ, घट्ट. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून वर. वेग आपोआप उतरू द्यायचा. निर्णायक वेगाच्या खाली आलात की टायर स्वतःच ट्रेलरला शांत करतात. अमेरिकेत काही ट्रेलरना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि ड्रायव्हरजवळ त्यांचं वेगळं बटण असतं. तेवढाच ब्रेक हलकेच लावला तर उत्तम, कारण मग ट्रेलर मागे ओढतो आणि दोरी ताणली जाते. त्यानंतर थांबायचं आणि सामान नव्याने लावायचं. आपला मित्र पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत ताशी ४० मैलांनी गेला आणि तिथे भर दुपारी अख्खा ट्रेलर रिकामा करून पुन्हा भरला. बायको काही बोलली नाही म्हणे. त्याचीच जास्त भीती वाटली.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हे काम संगणक करतो. हेलकावा ओळखून तो इंजिनची ताकद कमी करतो आणि डाव्या-उजव्या चाकांना आलटून पालटून, अचूक वेळी ब्रेक लावतो. माणसाला जे जमत नाही ते त्याला जमतं, कारण त्याला अर्धा सेकंद विचार करावा लागत नाही. पण उलाळ ट्रेलर तोही सरळ करून देत नाही. जर्मनीत ट्रेलर ओढताना ताशी ८० ची मर्यादा आहे. १०० ची परवानगी हवी असेल तर अटी आहेत, त्यातली एक म्हणजे ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत.

एक गंमत सांगून पुढे जातो. विमानतळावर दोन चाकांची सुटकेस घाईत ओढताना ती या चाकावरून त्या चाकावर डुलायला लागते, बघितलंय? पॅरिसच्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी सुटकेसचं छोटं मॉडेल ट्रेडमिलवर चालवून त्याचा अभ्यास केला, २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष: डुलायला लागली तर हळू होऊ नका, उलट वेग वाढवा, किंवा हँडल खाली नेऊन सुटकेस जमिनीजवळ आणा. हा सल्ला विमानतळावर पाळा. हायवेवर चुकूनही नको! दोन्ही डोलणारीच, पण सुटकेस उचलून आपटते आणि ट्रेलर आडवा फिरतो, कारणं वेगळी आहेत.

आणि आपली डबल ट्रॉली

तुमच्यातले बहुतेक जण म्हणत असतील, दादा, आमच्याकडे कोण ट्रेलर ओढतंय? तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात राहणाऱ्यांनी असं म्हणू नये. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून पार मार्चपर्यंत रात्रीचा प्रत्येक रस्ता डबल ट्रॉलीचा असतो. दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस. टेक्सासच्या मित्राची गाडी ट्रेलरपेक्षा जड होती. इथे ओढणारा ओढल्या जाणाऱ्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा.

या ट्रॉल्या बहुधा चार चाकी, पुढची चाकं दांडीबरोबर वळणारी. त्यामुळे उलाळ होण्याची भानगड इथे नाही, ट्रॉली स्वतःच्या पायांवर उभी असते. पण सांधे मोजा. ट्रॅक्टर आणि दांडी यांच्यातली पिन, एक. दांडीबरोबर वळणारा पुढचा आस आणि ट्रॉलीचा सांगाडा, दोन. दुसऱ्या ट्रॉलीचे पुन्हा दोन. चार सांधे, त्यात झिजलेल्या पिनांची ढिलाई. लहानपणी शाळेच्या मैदानावर एकमेकांचे शर्ट धरून आगगाडी करायचो. पुढचा जरासा वळायचा आणि शेवटचा पोरगा धडपडत मैदानाबाहेर जायचा. तोच प्रकार. अमेरिकेत दोन ट्रेलरवाल्या ट्रकांचा अभ्यास झाला तेव्हा हायवेच्या वेगाला अचानक लेन बदलली तर पुढच्या ट्रकला बसणाऱ्या आडव्या झटक्याच्या दुपटीच्या आसपास झटका शेवटच्या ट्रेलरला बसतो असं दिसलं.

ट्रॅक्टर तेवढा जोरात जात नाही, हे खरं. सपाटीवर २०-२५ च्या वेगाला मागची ट्रॉली डुलते ती बहुतेक पिनांच्या ढिलाईमुळे आणि खड्ड्यांमुळे. धोका उतारावर. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळं थांबवायचं ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी. उतारावर पंधरा-वीस टन मागून ढकलतात, म्हणजे दोरी ढकलली जाते. डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल केलं तर इंजिनचा उरलासुरला लगामही गेला. त्यात ऊस ट्रॉलीच्या काठांवर कितीतरी उंच रचलेला, म्हणजे वजनाचा मध्य वर. डोलणं आडवं सुरू होतं आणि संपतं उलटण्यात.

मी ट्रॅक्टरवाल्याला दोष देत नाहीये. त्याला खेपेवर पैसे मिळतात, कारखान्यावर रांगेत बारा-बारा तास जातात, ऊस वाळला की वजन घटतं. एक ट्रॉली कमी भर असं त्याला सांगणं सोपं आहे, त्या कमी खेपेचे पैसे कोण देणार ते सांगा.

पण तुम्ही बाईकवर आहात, म्हणून तुमच्यापुरतं बोलतो. वळणावर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, त्या आतल्या बाजूने कापत जातात. पहिली थोडी आत, दुसरी आणखी आत. त्यामुळे कारखान्याच्या फाट्यावर, चौकात, वळणाच्या आतल्या बाजूने डबल ट्रॉलीशेजारी कधीही घुसू नका. ट्रॅक्टर पुढे गेला, जागा मोकळी दिसते. दुसरी ट्रॉली त्याच जागेत येणार असते. ड्रायव्हरला तुम्ही दिसतही नाही, आरशात फक्त ऊस असतो.

ओव्हरटेक करायचा तर आधी मागे राहून दहा सेकंद शेवटची ट्रॉली बघा. ती किती डुलते, कुठल्या बाजूला जास्त जाते, बाहेर आलेली कांडी किती आहेत. उतारावर नको, सपाटी येऊ द्या. निघालात की रेंगाळू नका, दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर एका दमात मागे टाकता येत असेल तरच निघा. आणि रात्री मागे लाल दिवा नसतो हे गृहीत धरून चाला. रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या पाचटाखाली झाकला गेलेला असतो. समोर अंधारात काहीच नाही आणि उसाचा वास येतोय? वेग उतरवा. ट्रॉली समोरच असते.

कुणाच्या घरी ट्रॅक्टर असेल तर एवढं बघा: पिनेला खालून लॉक आहे का, जोडीला सुरक्षा साखळी आहे का, पिन आणि भोक किती झिजलंय. उताराच्या आधी गिअर खाली घ्या, उतारावर नाही. आणि ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल रस्त्यावर येताना एकमेकांना जोडून घ्या. शेतात ते सुटे ठेवतात, एका चाकाला ब्रेक लावून चटकन वळता यावं म्हणून. रस्त्यावर, मागे वीस टन असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर काय होईल, ते आता मी सांगायची गरज नाही.

टेक्सासच्या मित्राने मेसेजच्या शेवटी आणखी एक विचारलं होतं: नाकावरचा दाब घरी मोजायचा कसा? ट्रेलर छोटा असेल तर न्हाणीघरातला वजनकाटा चालतो. ट्रेलर सपाट जागी, सुटा, पूर्ण भरलेला, चाकांना पुढे-मागे दगड. नाकाखाली काट्यावर एक लाकडी ठोकळा उभा करा, त्याची उंची एवढी की नाक हुकाच्या पातळीला येईल. नाक त्यावर टेकवा, आकडा वाचा, ठोकळ्याचं वजन वजा करा. काट्याची मर्यादा आधी बघा, नाहीतर काटा जाईल. त्यांच्या वडिलांना अर्थात काटा लागणार नाही, ते धुरा उचलूनच सांगतील.

ट्रॅक्टर चालवणारं कुणी हा भाग ऐकत असेल तर तुमचा उतारावरचा अनुभव व्हॉइस मेसेजने नक्की पाठवा. पिन, दांडी, जोड यांना तुमच्या गावात काय म्हणतात तेही सांगा. पुढच्या भागात भेटू.